संडे स्कूल सुटलं, आता माझी सेवा कोणती?

पहाटवेळ

सर्वांना ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

लिहू की नको, असं दोन महिने चाललं होतं. आज घरात जरा शांतता आहे म्हणून लिहायला बसले.

मी नगरची. आमच्या चर्चच्या मंडळीत चौदा वर्षं शब्बाथ शाळेत, म्हणजे संडे स्कूलमध्ये, शिकवलं. लहान वर्ग माझ्याकडे असायचा, पाच ते आठ वर्षांची मुलं. शनिवारी रात्री चित्रं कापायची, नोहाच्या तारवातले प्राणी पुठ्ठ्यावर चिकटवायचे, नाताळच्या नाटकासाठी मेंढपाळांची फडकी धुऊन ठेवायची. मोबदला कसलाच नव्हता आणि तो हवाही नव्हता. रविवारी सकाळी त्या खोलीचं दार उघडलं की मला पक्कं ठाऊक असायचं, देवाने मला इथे नेमलं आहे.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. तेव्हापासून त्या अंथरुणाला खिळून आहेत. यजमान कंपनीत पाळीवर असतात, मुलगी बारावीला आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पातळ करून भरवायचं, पुसायचं, डायपर बदलायचं, चादर बदलायची. रात्री बारा, दोन, चार असे गजर लावलेले असतात. शब्बाथ शाळा पहिल्याच महिन्यात सुटली. उपासनेलाही आता महिन्यातून एखादे वेळी जाणं होतं.

तीन रविवारांमागे पाळकसाहेबांचा संदेश मी मोबाईलवर ऐकत होते. पीक फार आहे, कामकरी थोडे आहेत. ऐकत होते तेव्हा माझ्या हातात आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, भांडं होतं. मला रडूच फुटलं. वाटलं, मी त्या शेतातून बाहेर पडले. ज्या कामाला प्रभूने मला लावलं होतं ते आता दुसरं कुणीतरी करतं आहे.

सगळे म्हणतात, "अगं, हीच तुझी सेवा." यजमान म्हणतात, महिला मंडळातल्या बाया फोनवर म्हणतात. खरं असेलही. पण मला तसं काहीच वाटत नाही. मुलांना गोष्ट सांगताना जे भरून यायचं ते इथे एकदाही आलं नाही. इथे थकवा येतो, कधी राग येतो, आणि रात्री दोनच्या गजराला कधीकधी असा विचार मनात येतो की तो इथे लिहवत नाही. मग दिवसभर त्या विचाराची लाज वाटत राहते.

ज्यात आनंद नाही, धड प्रार्थना होत नाही, वर राग आहे, त्याला सेवा म्हणायचं का? देवाने मला आता कशासाठी ठेवलं आहे? मला समजूत नको. कुणी या वाटेने गेलं असेल तर त्यांना काय दिसलं ते सांगा.

रात्रपाळी

ताई, सत्तावीस वर्षं नर्सिंग करते आहे. शिक्षण मिरजेला झालं, डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात. ड्यूटी हातात घेण्याआधी आम्ही सगळ्या वॉर्डात उभ्या राहून प्रार्थना करायचो आणि मग लगेच अंग पुसायला, बेडपॅन द्यायला. त्यामुळे प्रार्थना कुठे संपते आणि काम कुठे सुरू होतं, हा प्रश्न मला त्या वयात पडलाच नाही. तो पुढे पडला, नोकरी जुनी झाल्यावर.

तुम्ही म्हणता तसं कोरडेपण मला सलग चार-पाच वर्षं होतं. एका रात्री आयसीयूत एका अनोळखी म्हाताऱ्या माणसाचं अंग पुसत होते. नातेवाईक कुणी नव्हतं. मनात देवाचा विचारही नव्हता, पुढच्या सलाईनचा होता. घरी जाताना बसमध्ये मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय आठवला. शेकडो वेळा ऐकलेला. पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली. राजा नीतिमानांना म्हणतो, मी आजारी होतो तेव्हा तुम्ही माझा समाचार घेतला. आणि ते काय म्हणतात? "प्रभू, आम्ही तुला आजारी केव्हा पाहिलं?" ताई, त्यांना ठाऊकच नव्हतं! त्यांना आत काही भरून आलं नव्हतं, प्रभूचा चेहरा दिसला नव्हता. त्यांना एक आजारी माणूस दिसला आणि त्यांनी जे करायचं ते केलं. तुम्हाला "तसं काही वाटत नाही" ही गोष्ट तुम्हाला त्या लोकांच्या बाजूला नेऊन उभी करते.

आता दोनच्या गजराच्या विचाराबद्दल. तो मला सांगू नका, मला माहीत आहे. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेल्या किती लेकी-सुनांनी तो माझ्या कानात सांगितला आहे. झोप तुटलेलं शरीर तसंच बोलतं. एलीया संदेष्टा झुडपाखाली पडून देवाकडे मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, झोपू दिलं. मग पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. पुढचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतर. देवाला शरीर कळतं.

म्हणून माझा पहिला प्रश्न आध्यात्मिक नाही. तुम्ही सलग चार तास शेवटचं कधी झोपलात?

वाडीतला

जय येशू, ताई. मी वसईचा, कॅथलिक. आमच्याकडचं थोडं सांगतो, चालेल ना?

माझी आई भाजी विकायची. पहाटे वाडीतून भाजी काढायची, जुड्या बांधायच्या, टोपली उचलायची आणि गाडी पकडून मुंबई गाठायची. टोपली डोक्यावर घेण्याआधी ती क्रूसाची खूण करायची आणि पुटपुटायची. लहानपणी मला वाटायचं, जड उचलण्यासाठी बळ मागते. मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा कळलं की ती सकाळची अर्पणाची प्रार्थना होती. आजचं काम, आजचं सुख, आजचे कष्ट, सगळं तुझ्या स्वाधीन. दिवसभरात मग तिला देवाची आठवण झाली नाही तरी चालत होतं, कारण दिवस सकाळीच देऊन झालेला असायचा. मला हे फार मोठं वाटतं. गिऱ्हाईकाशी घासाघीस करताना कुणाच्या मनात स्तोत्र असतं?

आमच्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले संत. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला जपानात नागासाकी इथे पंचवीस सोबत्यांसह क्रूसावर मरण आलं, १८६२ मध्ये संतपद मिळालं. हुतात्मा म्हणून सगळे त्यांना ओळखतात. पण ते धर्मगुरू नव्हते. फ्रान्सिस्कन संघात ते साधे ब्रदर होते, मिस्सा करण्याचा अधिकार नसलेले. त्याआधी व्यापार करत होते. जपानी भाषा उत्तम यायची म्हणून फादरांबरोबर दुभाषी म्हणून गेले. म्हणजे दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्यापर्यंत नीट पोचवणं, हे त्यांचं काम. व्यापारात शिकलेली भाषा देवाच्या कामी आली.

आमच्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये स्पष्ट सांगितलं की पवित्रतेचं पाचारण धर्मगुरू आणि सिस्टरांपुरतं नाही, प्रत्येक बाप्तिस्मा झालेल्याला आहे, तो ज्या अवस्थेत आणि ज्या कामात असेल तिथे. माझ्या आईने तो दस्तऐवज वाचला नव्हता. ती तो रोज डोक्यावर घेऊन स्टेशनला जात होती.

मोहरीचा दाणा

वरचं सगळं वाचलं, डोळ्यांत पाणी आलं. तरी मला वेगळं बोलायचं आहे आणि ते थोडं कडक वाटेल.

"हीच तुझी सेवा" हे वाक्य आपल्या मंडळ्यांत कुणाला सांगितलं जातं ते बघा. सुनेला. लेकीला. कापणीच्या सणाला दोनशे माणसांचं जेवण रांधणाऱ्या बायांना. माझ्या आईला हे वाक्य वीस वर्षं ऐकवलं गेलं. आजी अंथरुणाला होती, घरात तीन मुलगे होते, आणि सेवा एकटीची. काका रविवारी वेदीजवळ उभे राहून वचन वाचायचे. ती त्यांची सेवा. आईची कंबर कायमची गेली.

ताई, तुमच्या लिहिण्यात दीर, नणंद कुणी आलेले नाहीत. आहेत का? मंडळीतलं कुणी एखादी रात्र येऊन बसलं का? फोनवर वाक्य म्हणणं सोडून?

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षाघात झालेल्या माणसाला येशूकडे आणतात. चौघांनी उचलून आणलेला होता. शास्त्र आकडा देतं, चार. घराचं छप्पर उसकटून खाली सोडलं. आणि येशूने "त्यांचा" विश्वास पाहिला, असं लिहिलं आहे. तुमच्या घरातही पक्षाघाताचा रुग्ण आहे आणि खाटेचे चारही कोपरे तुम्ही एकटीने धरले आहेत. तुम्हाला आनंद का होत नाही, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारता आहात. मला वाटतं तो प्रश्न आधी उरलेल्या तिघांना विचारायला हवा.

आणि हो, मार्था आणि मरीया, येशू ज्यांच्या घरी आला त्या दोघी बहिणी. मार्थेने कामाची तक्रार केली तेव्हा येशूने "तुझं कामच तुझी सेवा" असं म्हटलं नाही. मरीयेला पायाशी बसू दिलं. तुम्हालाही कधीतरी पायाशी बसायला मिळायला हवं.

रात्रपाळी

मोहरीचा दाणा, शंभर टक्के. माझं लिहिताना हे राहून गेलं याची खंत वाटते. दवाखान्यात आम्ही तिघी मिळून एक पाळी काढतो, घरी एकच बाई चोवीस तास.

टाचणी

मी एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. कुठलं ते नको. विषय थोडा वेगळा वाटेल पण मूळ एकच आहे.

पंचविशीत मला सेमिनरीत, धर्मशिक्षणाला, जायचं होतं. वडील वारले, अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली, घर चालवायचं होतं. पुढे बारा-तेरा वर्षं मी मनाने असाच जगलो की खरं आयुष्य राहून गेलं, हे पोटासाठी चाललं आहे. टेबलावर फायली, आणि प्रत्येक फाईलला "काहीतरी" ठेवण्याची पद्धत. मी घेत नव्हतो, पण अडवतही नव्हतो. फाईल खाली ठेवली की माणूस दहा वेळा येतो हे मला दिसत होतं.

मग घरच्या बायबल अभ्यासात लूकचा तिसरा अध्याय निघाला. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेकाठी उपदेश करत असतो, आणि जकातदार येऊन विचारतात, गुरुजी, आम्ही काय करावं? माझी खात्री होती की तो म्हणेल, जकात सोडा, माझ्या मागे या. तो तसं म्हणत नाही. म्हणतो, ठरवून दिलं आहे त्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपाई विचारतात तर म्हणतो, कुणावर जुलूम करू नका, खोटा आळ घेऊ नका, आपल्या पगारात समाधान माना. नाक्यावर परत जा आणि तिथे बसून नीट वागा, एवढंच.

आमच्या कार्यालयासाठी लिहिलं आहे असं वाटलं मला. त्या आठवड्यापासून एक नेम केला. विधवा पेन्शन आणि निराधारांचे अर्ज आले त्याच दिवशी हातावेगळे करायचे, जेवणाची सुट्टी गेली तरी. आणि कागद कमी असेल तर कोणता कमी आहे ते एकाच वेळी, चिठ्ठीवर लिहून द्यायचं, म्हणजे म्हातारीला तालुक्याहून परत परत यावं लागू नये. एसटीला पैसे पडतात. यात आध्यात्मिक काय आहे असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. पण पौल म्हणतो तसं, माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करणं, याचा माझ्यासाठी अर्थ ती चिठ्ठी आहे.

याची किंमत पडते. दोनदा बदली झाली. सहकारी बोलेनासे झाले. ते दुःख मी इथे लांबवत नाही.

प्रतीक्षायादी

मला विचारायचं आहे. मी तेवीस वर्षांचा, पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करतो. दोनदा मुख्य परीक्षेत राहिलो. माझ्या खोलीच्या भिंतीवर यिर्मया २९:११ लावलं आहे, देवाच्या मनात आपल्या हिताचे विचार आहेत ते. पण तो विचार काय आहे तेच कळत नाही. तरुण संघात सगळे म्हणतात, देवाची तुझ्यासाठी योजना आहे, खूण माग. मी खूण मागतो. काही येत नाही. तुमच्या सगळ्यांकडे निदान काम तरी आहे, मी काय अर्पण करू? मी नुसता थांबलो आहे.

पाळकवाडा

माझं बालपण पाळकवाड्यात गेलं, वडील पाळक होते. मी शाळामास्तर, आता निवृत्त. सगळ्यांचं वाचलं. आधी या मुलाशी बोलतो, मग ताईंशी.

बाळा, तू लावलेलं वचन काढू नकोस. फक्त त्याच्या वरची वचनं त्याच भिंतीवर लाव. ते पत्र आहे. यिर्मयाने यरुशलेमेहून बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पाठवलेलं. त्यांनाही वाटत होतं की आपण नुसते थांबलो आहोत, खरं आयुष्य घरी परत गेल्यावर सुरू होईल. आणि देव काय सांगतो? घरं बांधा. त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, लेकरं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. परत यायला सत्तर वर्षं आहेत, असंही सांगतो. म्हणजे ज्यांना पत्र आलं त्यांतले बहुतेक परत येणारच नव्हते! "तुमच्या हिताचे विचार" हे शब्द त्यांना उद्देशून आहेत. परक्या गावात वाफे करून, बी पेरून, शेजाऱ्याचं भलं करत असताना त्यांना तो विचार समजायचा होता. पुण्यात ज्या इमारतीत राहतोस तिथे वॉचमन असेल, त्याची मुलं असतील. तुला गणित येतं. बाकी खूण मागत राहा, मी अडवणार नाही.

आता ताई. तुमच्या चौदा वर्षांना आधी नमस्कार करतो. शब्बाथ शाळेच्या बाईंमुळेच मी शिक्षक झालो.

मोहरीचा दाणा यांनी मार्थेचं काढलं ते बरं झालं, पण मार्थेची गोष्ट लूकच्या दहाव्या अध्यायात संपत नाही. येशू तिला तिच्या कामाबद्दल बोलत नाही, ती पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करते त्याबद्दल बोलतो, आणि तिचं नाव दोनदा घेऊन मायेने बोलतो. पुढे योहानाच्या अकराव्यात भाऊ मेल्यावर हीच मार्था रस्त्यात येऊन म्हणते, तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, असा माझा विश्वास आहे. पेत्राने दिलेली कबुली आणि ही कबुली सारख्याच तोलाची. ही कबुली देणारी बाई स्वयंपाकघरातून आलेली होती. आणि बाराव्यात बेथानीला पुन्हा जेवण आहे, तिथे साधं एक वाक्य आहे: मार्था वाढत होती. या खेपेला तक्रार नाही, आणि कुणी तिला उठवून पायाशी बसवतही नाही. लूकपासून योहानापर्यंत तिच्यात काय बदललं, यावर मी फार वर्षं विचार केला आहे. काम तेच राहिलं. बहुधा एकटेपण गेलं असावं.

दुसरं, यापोची टबीथा. प्रेषितांची कृत्ये, नववा अध्याय. ती वारल्यावर पेत्राला बोलावतात. माडीवर विधवा रडत उभ्या असतात आणि त्याला काय दाखवतात? तिने शिवलेले अंगरखे आणि वस्त्रं. तिचं एकही वाक्य शास्त्रात नाही. उपदेश नाही, गीत नाही. कपडे आहेत. पेत्रासारख्या प्रेषितापुढे पुरावा म्हणून शिवण ठेवली गेली. आणि नव्या करारात "शिष्या" हा शब्द जिच्या नावाला जोडला गेला ती हीच.

तिसरं आपल्या जवळचं. पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला विदुषी आठवतात, १८८९ मधलं शारदा सदन आठवतं. मला केडगावचा छापखाना आठवतो. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकलेल्या शेकडो मुली-बाया घेऊन आल्या. कित्येकींना अक्षर ओळखता येत नव्हतं. केडगावच्या माळावर त्यांनी शेती केली, गाईगुरं सांभाळली, विणकाम केलं, आणि छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायला शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल केलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. त्यासाठी उतारवयात त्या भाषा शिकल्या. जवळजवळ अठरा वर्षं ते काम चाललं. त्याचे खिळे जुळवणारे हात त्या दुष्काळातून आलेल्या बायांचे होते. विचार करा, एकेक शिशाचं अक्षर उलटं धरून ओळीत लावायचं, दिवसाला अमुक पानं, वर्षानुवर्षं. त्यांतल्या कुणाला रोज भरून येत असेल? बोटं काळी होत असतील, पाठ दुखत असेल. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या, आणि पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ मध्ये. बाई गेल्यावरही खिळे जुळवणाऱ्या जुळवत राहिल्या. त्यांची नावं आपल्याला पाठ नाहीत.

ताई, शब्बाथ शाळेतलं तुमचं काम लोकांना दिसत होतं, मुलांच्या चेहऱ्यावरून तुम्हालाही दिसत होतं. आताचं काम खिळ्यासारखं आहे, हातात असताना उलटं दिसतं. मी याहून पुढे काही म्हणणार नाही, कारण रात्री दोनला मी उठत नाही. मोहरीचा दाणा म्हणतात ते खरं आहे, एकमेकांची ओझी वाहा ही आज्ञा मंडळीला आहे. तुमच्या पाळकसाहेबांनी प्रभुभोजन घरी आणलं का?

पहाटवेळ

लगेच उत्तर देता आलं नाही, क्षमा असावी. सगळं दोनदा वाचलं, एकदा यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं. "खाटेचे चारही कोपरे" इथे त्यांनी मान खाली घातली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

रात्रपाळी ताई, सलग चार तास? आठवतच नाही. माहेरी लग्नाला गेले होते तेव्हा असेल, फेब्रुवारीत.

दीर आहेत, श्रीरामपूरला. नणंद पुण्यात. कुणी वाईट नाही. मीच कधी बोलले नाही, कारण मागितलं तर सेवा कमी पडली असं वाटायचं. प्रभुभोजन घरी आलेलं नाही, पण मी पाळकसाहेबांना कळवलंही नव्हतं. त्यांना वाटत असेल, घरी सगळं नीट चाललं आहे.

एक गोष्ट मला धरून बसली आहे: "प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिलं?" रात्री दोनला उठते तेव्हा ती आता आठवते. भरून येत नाही अजून. पण आत जे सारखं खटकत होतं, की वाटत नाही म्हणजे नाहीच, ते थांबलं आहे. वाडीतला दादा, तुमच्या आईंसारखं सकाळी सहाच्या गजराला दिवस देऊन टाकते. दोन वाक्यांत. नंतर राग आला तर तोही त्यात मोजलेला आहे असं धरते.

वाडीतला

ताई, आईला हे सांगायला हवं होतं. गेल्या पावसाळ्यात ती गेली. या रविवारी मिस्सामध्ये तुमच्या सासूबाईंसाठी विनंती ठेवतो.

मोहरीचा दाणा

दिरांना फोन करा, ताई. "शनिवारी रात्री याल का" एवढंच विचारा. सेवेची वाटणी मागणं म्हणजे देणाऱ्याला संधी देणं आहे. माझ्या काकांना कुणी कधी विचारलंच नाही. आता ते म्हातारे झालेत आणि म्हणतात, आईसाठी काहीच केलं नाही मी. तेही दुःख मी जवळून पाहते आहे.

प्रतीक्षायादी

मास्तर, वॉचमनकाकांची मुलगी आठवीत आहे. बीजगणितात अडकते. मंगळवारपासून येते आहे. वरची वचनं लिहून लावली, भिंतीवर जागा कमी पडली म्हणून अभ्यासाचं वेळापत्रक दारावर हलवलं.

पाळकवाडा

देव तुला आशीर्वाद देवो. तिला आधी उणे चिन्हं पक्की करून घे, सगळी गाडी तिथेच अडते.

पहाटवेळ

तीन आठवड्यांनी लिहिते आहे.

दीर मागच्या दोन शनिवारी आले. पहिल्या रात्री त्यांना आईंना कुशीवर वळवता येईना, हात थरथरत होते. आईच आहे ना ती, तिला असं कधी पाहिलेलं नाही. यजमानांनी दाखवलं. दुसऱ्या खेपेला दोघा भावांनी मिळून केलं आणि मी रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत झोपले. रविवारी उपासनेला गेले. पूर्ण वेळ बसले. कुणी विचारलं तर काय ऐकलं ते नीट सांगता येणार नाही, पण बसले.

पाळकसाहेबांना सांगितलं. ते दुसऱ्याच दिवशी दोन वडीलजनांसह घरी आले आणि आम्ही आईंच्या खाटेभोवती बसून प्रभुभोजन घेतलं. आईंना घोट गिळायला त्रास होतो म्हणून भाकरीचा कण द्राक्षरसात भिजवून चमच्याच्या टोकावर दिला. त्यांनी डावा हात उचलून पाळकसाहेबांचा हात धरून ठेवला, बराच वेळ सोडला नाही.

आणि शब्बाथ शाळेतली माझ्या वर्गातली तीन मुलं दर बुधवारी संध्याकाळी घरी येऊ लागली आहेत. एकीच्या आईने विचारलं, मी हो म्हटलं. आईंच्याच खोलीत बसतात. पहिल्या दिवशी जरा घाबरली होती. आता एक जण आईंना पाण्याची बाटली हवी का विचारतो. त्यांना टबीथेची गोष्ट सांगितली. कापडाचे तुकडे कापून अंगरखे चिकटवले, पूर्वीसारखेच.

राग अजून येतो. परवा आला होता. लिहून ठेवते कारण कुणाला वाटू नये की सगळं सुटलं.

रात्रपाळी ताई, एक विचारायचं होतं. आईंच्या डाव्या टाचेवर रुपयाएवढं लाल दिसतं आहे. कातडी फाटलेली नाही. दाबलं तरी लाली जात नाही. मी तेल लावून चोळते आहे, टाचेखाली मऊ उशीही ठेवली आहे. बरोबर आहे का?

रात्रपाळी

ताई, चोळणं आजपासून बंद. दाबून लाली जात नाही म्हणजे आतल्या कातडीला मार लागायला सुरुवात झाली आहे, चोळल्याने तो वाढतो. उशी टाचेखाली नको, पोटरीखाली ठेवा, गुडघ्याच्या खालपासून घोट्यापर्यंत, म्हणजे पोटरी टेकेल आणि टाच अधांतरी राहील. टाच आणि गादी यांच्यामधून तुमचा हात सहज फिरला पाहिजे. हवेची गादी असली तरी कूस बदलणं चालूच ठेवा. जागा कोरडी ठेवा आणि उद्या डॉक्टरांना दाखवाच. फोड आला, रंग काळसर झाला किंवा कातडी फाटली तर उद्याचीही वाट पाहू नका.

शनिवारी दीर येतील तेव्हा त्यांनाही पोटरीखालची उशी दाखवून ठेवा.